बाळाने बांधलेला अवयव

प्रसूतीच्या खोलीतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला की बाहेर बसलेल्यांचा जीव भांड्यात पडतो. फोन लावले जातात, कुणीतरी पेढे आणायला धावतं. आत मात्र डॉक्टर आणि नर्स अजून थांबलेल्या असतात, कारण वार पडायची असते. बाळंतपणाचा हा तिसरा टप्पा, आणि बाळंतिणीच्या जिवाच्या दृष्टीने सगळ्यात बेभरवशाचा. बहुतेक वेळा पाच ते तीस मिनिटांत गर्भाशय पुन्हा आकसतं, लोंबणारी नाळ थोडी पुढे सरकते, रक्ताचा एक लोट येतो आणि त्यामागून वार बाहेर येते.

ती ट्रेमध्ये घेतली की साधारण भाकरीएवढी दिसते. व्यास २०-२२ सेंटिमीटर, वजन अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सुमारे एक षष्ठांश. जी बाजू गर्भाशयाला चिकटलेली होती ती गडद लाल आणि खडबडीत असते, तिच्यावर पंधरा-वीस उंचवटे असतात. उलट बाजू गुळगुळीत, निळसर-करडी आणि चकचकीत. या बाजूला नाळ येऊन मिळते आणि तिथून रक्तवाहिन्या चहूकडे पसरतात. कडेला पाणमोटीचे पातळ पापुद्रे लोंबत असतात. नर्स हे सगळं उलटसुलट करून बघते, उंचवटे एकमेकांना जुळवून बघते. एखादा तुकडा आत राहिला तर गर्भाशय नीट आकसत नाही, रक्तस्राव थांबत नाही. तपासणी झाली की वार पिवळ्या पिशवीत जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे मानवी शरीराच्या अवशेषांसाठी ठरलेली ती पिशवी. पुढे भट्टी किंवा खोल खड्डा.

शाळेच्या पुस्तकात प्रजननसंस्थेच्या दोन आकृत्या असतात. एकीत अंडाशय, बीजवाहिन्या, गर्भाशय आणि योनी, दुसरीत वृषण, रेतवाहिन्या आणि पुरस्थ ग्रंथी. आमच्या वर्गात तो धडा घाईघाईने उरकला गेला आणि बहुतेकांच्या वर्गात तसाच उरकला जातो. त्या आकृत्यांत वार नसते. ती कुणाच्याच शरीरात कायमची नसते, हे एक कारण. ती नेमकी कुणाची, हेही आपल्या मनात स्पष्ट नसतं, हे माझ्या मते दुसरं कारण. गर्भाशय आईचं, म्हणून त्याला चिकटलेली वारही आईची, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आईचा त्यात फार थोडा वाटा असतो. वार बाळाच्या पेशींनी बांधलेली असते. बाळाने घडवलेला तो पहिला मोठा अवयव, आणि जन्मल्यावर टाकून दिलेलाही पहिलाच.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला. लिओनार्दो दा विंची याने १५११ च्या सुमारास गर्भाशयातल्या बाळाचं जे चित्र काढलं ते आजही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर छापलं जातं. त्यात बाळ माणसाचं आहे, पण वार गाईची. गाईच्या गर्भाशयात वारेचे अनेक सुटे गुच्छ असतात, तसेच त्याने माणसाच्या गर्भाशयात काढले. त्याने गाय चिरून पाहिली होती. गरोदर स्त्रीचं शरीर आतून बघायची संधी त्या काळी फार क्वचित मिळायची.

पुढे अडीचशे वर्षांनी लंडनमध्ये विल्यम आणि जॉन हंटर या भावांनी मृत गरोदर स्त्रियांची शरीरं तपासली. रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरायचं आणि ते कुठवर जातं ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत. आईच्या रक्तवाहिन्यांत भरलेलं मेण वारेपर्यंत पोचत होतं, पण बाळाच्या रक्तवाहिन्यांत शिरत नव्हतं. म्हणजे आईचं रक्त बाळाच्या अंगात वाहत नाही. दोन्ही रक्ताभिसरणं वेगळी आहेत, शेजारून जातात आणि मिसळत नाहीत. विल्यमने १७७४ मध्ये ३४ चित्रफलकांचा भव्य ग्रंथ काढला. हा शोध आपला आहे, असं जॉनने १७८० मध्ये रॉयल सोसायटीपुढे सांगितलं आणि दोघा भावांचं फाटलं ते फाटलंच. वारेवरून सख्खे भाऊ वैरी झाल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असावं. आपल्याकडे ‘माझं रक्त आहे ते’ असं आई मुलाबद्दल म्हणते, तेव्हा हंटर बंधूंचं मेण आठवतं. बाळाच्या अंगातला रक्ताचा थेंब न् थेंब बाळाने स्वतः तयार केलेला असतो.

सुरुवात होते ती गर्भाशयापासून बरीच दूर. अंडाशयातून सुटलेलं बीजांड बीजवाहिनीच्या रुंद भागात शिरतं आणि शुक्राणूशी त्याची गाठ तिथेच पडते. फलित बीज विभागत विभागत गर्भाशयाकडे सरकतं आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. त्या गोळ्यात पहिली वाटणी होते. बाहेरचा एकपदरी थर वारेचा, आत एका कडेला जमलेला छोटा पुंजका बाळाचा. हृदय, कणा, मेंदू यांचा अजून मागमूस नसतो, आणि वारेच्या पेशी आपल्या वेगळ्या कामाला लागलेल्याही असतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत गर्भाची जनुकीय चाचणी करायची असते तेव्हा याच बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढून घेतात. बाळाच्या पुंजक्याला हात लागत नाही.

साधारण सहाव्या-सातव्या दिवशी हा गोळा गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो आणि त्यात रुतायला लागतो. दर महिन्याला पाळीत गळून जाणारं अस्तर ते हेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतरच्या दशकांत बीजांड बाहेर काढणं, फलन घडवणं, गर्भ गोठवणं हे सगळं माणसाच्या हातात आलं. रुतण्याची पायरी मात्र अजून कुणाच्या हातात आलेली नाही. गर्भ गर्भाशयात सोडायचा आणि वाट बघायची. पुढचं काम त्या बाहेरच्या थराचं.

आणि तो थर जे करतो ते विलक्षण आहे. आईच्या बाजूला असलेल्या त्याच्या पेशी आपापल्या भिंती मोडून एकमेकींत मिसळतात. शेवटी अब्जावधी केंद्रकं असलेला, पण आत एकही भिंत नसलेला एकच अखंड पदर तयार होतो. नवव्या महिन्यात हा पदर पसरून मोजला तर दहा-बारा चौरस मीटर भरतो. एका माणसाच्या एका अवयवावर एवढी मोठी बिनसांध्याची चादर दुसरीकडे कुठेही नाही. सांधा नसल्याचा फायदा उघड आहे. जंतू असोत की आईच्या रोगप्रतिकारक पेशी, दोन पेशींच्या फटीतून घुसणं ही त्यांची नेहमीची वाट. इथे फटच नाही.

पेशी जोडण्याची ही किमया आली कुठून? २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात याचं उत्तर छापून आलं. ‘सिन्सिटिन’ नावाचं एक प्रथिन हे काम करतं आणि त्याचं जनुक मूळचं विषाणूचं आहे. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी एका रेट्रोव्हायरसने आपल्या वानरपूर्वजांच्या बीजपेशींत शिरकाव केला आणि त्याचं जनुक वंशपरंपरेने पुढे येत राहिलं. विषाणूला पेशीत शिरायचं तर आपलं आवरण पेशीच्या आवरणाशी एकजीव करावं लागतं. त्यासाठीचं जे प्रथिन त्याच्यापाशी होतं, तेच आज माणसाच्या वारेत पेशींना पेशी जोडतं. आपल्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग अशा जुन्या विषाणूंच्या अवशेषांचा आहे. बहुतेक अवशेष निकामी आहेत, हा मात्र रोज कामावर असतो. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे उंदराच्या वारेत हेच काम दुसऱ्या विषाणूचं जनुक करतं, रवंथ करणाऱ्या जनावरांत तिसऱ्याचं. निसर्गाने एकच उसनवारी निरनिराळ्या सावकारांकडून पुन्हा पुन्हा केली आहे.

वारेच्या बांधणीत आईच्या आणि बापाच्या जनुकांचा वाटा सारखा असेल, असं कुणीही धरून चालेल. १९८४ मध्ये केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि अमेरिकेत मॅकग्राथ व सोल्टर यांनी उंदरांच्या गर्भावर प्रयोग केले. एका गटात दोन्ही जनुकसंच आईकडचे ठेवले, दुसऱ्यात दोन्ही बापाकडचे. कुठलाच गर्भ जगला नाही. पण आईच्या जनुकांवर वाढलेल्या गर्भाचं शरीर थोडंफार आकाराला आलं होतं आणि वार खुरटलेली होती. बापाच्या जनुकांवर वाढलेल्यात वार भरघोस आणि गर्भ जवळजवळ नाहीच.

माणसांत हा प्रयोग कुणी करत नाही, पण निसर्ग अधूनमधून करतो. त्याला आपले डॉक्टर द्राक्षगर्भ म्हणतात. पाळी चुकते, उलट्या नेहमीपेक्षा जास्त होतात, पोट दिवसांच्या मानाने मोठं दिसतं आणि सोनोग्राफीत बाळ नसतं. असतात ते पाण्याने भरलेल्या फुग्यांचे घोस. पूर्ण द्राक्षगर्भात सगळी जनुकं बापाकडची असतात, हे जपानच्या काजी आणि ओहामा यांनी १९७७ मध्ये दाखवलं. बीजांडातलं आईचं केंद्रक हरवलेलं असतं आणि बहुतेक वेळा शुक्राणूतली गुणसूत्रंच दुप्पट झालेली असतात. बापाची जनुकं एकटी पडली तर ती काय बांधतात? नुसती वार. उत्क्रांतीचे अभ्यासक याचा अर्थ असा लावतात: आईच्या शरीराला या बाळंतपणानंतरही जगायचं आहे, पुढची मुलंही व्हायची आहेत, म्हणून तिची जनुकं हात राखून देतात. बापाच्या जनुकांना या एका बाळासाठी जेवढं ओढता येईल तेवढं ओढायचं असतं. हा अर्थ मला पटतो, पण एवढं खरं की जनुकांना हेतू नसतात. हेतू आपण त्यांच्या तोंडी घालतो.

द्राक्षगर्भाची एक उपकथा इथे सांगायलाच हवी. क्वचित तो कर्करोगाचं रूप घेतो आणि फुप्फुसात पसरतो. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी अशा एका रुग्णाला मेथोट्रेक्सेट दिलं आणि फुप्फुसातल्या गाठी विरल्या. पसरलेला, गाठीचा कर्करोग निव्वळ औषधाने बरा झाल्याचं हे पहिलं उदाहरण. गाठी दिसेनाशा झाल्यावरही ली औषध देत राहिले, कारण रुग्णाच्या लघवीत वारेच्या पेशी सोडतात ते एचसीजी संप्रेरक अजून सापडत होतं. ते शून्यावर येईपर्यंत थांबायचं नाही, असा त्यांचा हट्ट. या हट्टापायी त्यांची नोकरी गेली. पुढे सगळं जग त्यांच्याच पद्धतीने उपचार करू लागलं आणि १९७२ मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक मिळालं.

एचसीजी आता घराघरात पोचलं आहे, फक्त नावाने कुणी ओळखत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या किटवर दोन गुलाबी रेघा उमटतात त्या त्याच्यामुळे. रुतणाऱ्या वारेचा आईच्या शरीराला पहिला निरोप म्हणजे हे संप्रेरक. बीजांड सुटल्यावर अंडाशयात जो पीतपिंड उरतो तो प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि त्यावर गर्भाशयाचं अस्तर टिकतं. दिवस राहिले नाहीत तर पीतपिंड दोन आठवड्यांत विरतो आणि पाळी येते. एचसीजी त्याला विरू देत नाही. दुसऱ्या महिन्यानंतर प्रोजेस्टेरॉनचं काम वार स्वतःच अंगावर घेते आणि मग अंडाशयाची गरज उरत नाही. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस गरोदरपणाची पहिली भरवशाची चाचणी काढली, तेव्हा स्त्रीची लघवी छोट्या उंदीरमाद्यांना टोचायची, काही दिवसांनी त्यांना मारायचं आणि त्यांची अंडाशयं बघायची, असा तो प्रकार होता. नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या बेडकीवर भागू लागलं. बेडकीने रात्रीतून अंडी घातली तर बाई गरोदर. बेडकी निदान जिवंत तरी राहायची.

डोहाळ्यांच्या उलट्यांमागेही वारच आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की बाळ आणि वार यांच्याकडून जीडीएफ १५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतल्या मळमळीच्या केंद्राला जागं करतं. गरोदरपणाआधी जिच्या रक्तात ते कमी होतं तिला त्रास जास्त, आणि थॅलेसेमियामुळे ज्यांच्या रक्तात ते आधीपासूनच भरपूर असतं त्या बायकांना उलट्या फारशा होत नाहीत. ‘मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष कर’ असं सुनेला ऐकवणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना हे वाचायला द्यायला हवं.

पहिल्या तीन महिन्यांतली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आईचं रक्त तेव्हा वारेत जवळजवळ येतच नाही. गर्भाशयाच्या भिंतीतून अस्तरात येणाऱ्या शंभराच्या आसपास नागमोडी धमन्यांची तोंडं वारेच्याच पेशींनी बुजवून ठेवलेली असतात. बाळाचे अवयव घडत असताना जास्त ऑक्सिजन घातक ठरू शकतो, म्हणून ही काळजी. तोपर्यंत बाळ गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावावर वाढतं. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास बुचं सैल होतात आणि रक्त वाहू लागतं. मधल्या काळात वारेच्या पेशी त्या धमन्यांत आत खोलवर शिरून त्यांच्या भिंतीतले स्नायू मोडून टाकतात. अरुंद, आकसू शकणाऱ्या नळ्या रुंद आणि सैल होतात. मग आईच्या मेंदूने हुकूम सोडला तरी त्या आकसत नाहीत. नवव्या महिन्यात दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त गर्भाशयाकडे येतं, ते याच वाटेने.

हे काम अर्धवट राहिलं तर काय होतं ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना माहीत आहे. रक्तपुरवठा अपुरा पडलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या बिघडतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, पाय-चेहरा सुजतो आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर झटके येतात. गरोदरपणातल्या प्रत्येक तपासणीला रक्तदाब आणि लघवी बघतात ती यासाठी. रोग आईचा दिसतो, मूळ वारेत असतं. पुरावा द्राक्षगर्भाचा आहे, कारण त्यात बाळ नसतानाही हा आजार होतो. त्यावरचा शेवटचा उपाय एकच, वार बाहेर काढणं, म्हणजेच बाळंतपण उरकणं. झटके थोपवायला मॅग्नेशियम सल्फेट आहे, ज्यांना धोका जास्त त्यांना सुरुवातीपासून थोडं अ‍ॅस्पिरिन देतात. पण घड्याळ थांबवता येत नाही.

धमन्यांतून आलेल्या आईच्या रक्ताचं वारेत जणू सरोवर भरतं आणि त्यात वारेचे असंख्य बारीक फाटे बुडलेले असतात. फाट्याच्या आत बाळाच्या केशवाहिन्या, बाहेर आईचं रक्त, मधला पडदा शेवटच्या महिन्यांत काही मायक्रॉन जाडीचा. ऑक्सिजन आत, कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर. गर्भाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा वेगळं असतं आणि ऑक्सिजन अधिक घट्ट धरतं, म्हणून आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते आणि शुद्ध रक्त वाहतं शिरेतून. शाळेत पाठ केलेल्या ‘धमनीत शुद्ध, शिरेत अशुद्ध’ या नियमाला इथे अपवाद आहे.

प्रतिपिंडांच्या बाबतीत माणसाची वार गाईपेक्षा फार उदार आहे. गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडं मिळतच नाहीत. म्हणून व्याल्यानंतर काही तासांत वासराला चीक पाजायलाच हवा, दिवस उलटला की त्याच्या आतड्याला ती प्रतिपिंडं शोषता येत नाहीत. सगळा चीक खरवसासाठी काढून घेतला आणि वासरू दगावलं, अशी दूधवाल्याच्या गोठ्यातली गोष्ट यातून समजते. माणसाच्या वारेवर मात्र आयजीजी प्रतिपिंडांना उचलून पलीकडे नेणारी खास यंत्रणा असते. ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत काम करते, इतकं की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ही प्रतिपिंडं आईपेक्षाही जास्त असू शकतात. अपुऱ्या दिवसांचं बाळ या शिदोरीला मुकतं. गरोदर बाईला धनुर्वाताची लस देतात ती मुख्यतः बाळासाठी. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यावर पहिल्या पंधरवड्यात धनुर्वाताने जाणारी बाळं आपल्या आजीच्या पिढीने पाहिली आहेत. २०१५ मध्ये भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. गोवराची लस नऊ महिन्यांपर्यंत थांबवतात त्याचंही कारण वारेतून आलेली हीच शिदोरी. ती शिल्लक असताना लस नीट लागू पडत नाही.

आईच्या शरीराने हे सगळं चालू का दिलं, हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला. दुसऱ्याची मूत्रपिंडं बसवली तर शरीर ती नाकारतं, मग निम्मी परकी जनुकं असलेलं बाळ नऊ महिने कसं खपवून घेतं? सरोगसीत तर बाळ पूर्णपणे परकं असतं, तरीही ते वाढतं. उत्तर पुन्हा वारेत. त्या अखंड पदरावर ‘हा परका’ असं ओळखू येणारी नेहमीची चिन्हंच नसतात. अस्तरात घुसणाऱ्या पेशी एक वेगळंच चिन्ह दाखवतात, त्यामुळे आईच्या मारेकरी पेशी हल्ला करण्याऐवजी धमन्या रुंद करायला मदत करतात.

साखर मात्र वारेतून मोकळेपणाने जाते, इन्सुलिन जात नाही. वार आईच्या रक्तात असं संप्रेरकही सोडते की आईचं इन्सुलिन नीट लागू पडत नाही आणि तिच्या रक्तात साखर जरा चढी राहते. बाळाला जास्त मिळावी म्हणून. जिच्या स्वादुपिंडाला हा ताण झेपत नाही तिला गरोदरपणातला मधुमेह होतो. आपल्याकडे हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बारीक बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. दिसायला किरकोळ, आतून स्निग्ध. मोठेपणी लवकर येणाऱ्या मधुमेहाची पाळंमुळं इथपर्यंत जातात, असं या अभ्यासाचं म्हणणं. शिवाय पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या बायकांची बाळं जरा भरलेली होती. म्हणजे वारेला काय ओढायला मिळतं ते शेवटी ताटावर येतं, आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरतं यावर.

वार हा अभेद्य तट आहे असं डॉक्टरही बराच काळ मानत होते. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी गरोदरपणात रुबेला झालेल्या बायकांची बाळं मोतीबिंदू घेऊन जन्मतात हे दाखवलं. तरी धडा पुरता शिकला गेला नाही. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं, उलट्यांवरही दिलं गेलं, आणि १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातपाय अपुरे घेऊन जन्मली. दारू, निकोटीन, शिसं आणि कितीतरी औषधं वारेतून आरपार जातात. डॉक्टरांना न विचारता गोळी घेऊ नका, या सांगण्यामागे एवढा इतिहास आहे.

बाळ बाहेर आलं की गर्भाशय झटकन लहान होतं, वारेला ते शक्य नसतं, म्हणून ती सुटते. जिथून सुटली तिथे मिनिटाला अर्धा लिटर रक्त ओतणाऱ्या धमन्या उघड्या पडलेल्या असतात. त्या बंद होतात त्या रक्त गोठल्यामुळे कमी आणि स्नायूंमुळे जास्त. गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे आडवेतिडवे विणलेले असतात आणि आकसले की धमन्या त्यांच्यामध्ये आवळल्या जातात. म्हणून बाळ जन्मल्याबरोबर १० युनिट ऑक्सिटोसिन टोचतात. नाळ कापायची मात्र घाई नको, निदान एक मिनिट थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्यात वारेत उरलेलं बाळाचंच रक्त बाळाकडे येतं आणि पुढच्या महिन्यांत लोहाची कमतरता टळते. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार रुजली तर ती स्नायूंत खोल घुसते आणि सुटतच नाही. सिझेरियन वाढलं तसं हे संकटही वाढलं आहे.

वार गेली तरी बाळाच्या काही पेशी आईकडे राहतात. १९९६ मध्ये डायना बियांची यांना मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या स्त्रीच्या रक्तात पुरुषी गुणसूत्राच्या पेशी सापडल्या. दुसऱ्याच वर्षी डेनिस लो यांनी गरोदर स्त्रीच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे सुटे तुकडे दाखवले. ते बहुतांशी वारेतूनच आलेले असतात, आणि आज डाउन सिंड्रोमची चाचणी आईच्या हाताच्या रक्तावर होते ती त्यांच्यामुळे.

बाळंतपणं घरी होत तेव्हा सुईण वार परसात खड्डा करून पुरायची. आता पिवळी पिशवी. पण सगळी वार तिथे जात नाही. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमान यांनी नाळेतल्या रक्तातल्या मूळपेशी देऊन एका मुलाचा जीव वाचवला आणि त्या रक्ताला किंमत आली. ती इतकी की खासगी नाळपेढ्या आज बाळाच्या बापाला मोठं बिल देतात. घरच्याच मुलाला ते रक्त कधी लागण्याची शक्यता फार कमी असते, हे त्यांच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं. पाणमोटीचा आतला पापुद्रा मात्र खरोखर उपयोगी पडतो. भाजलेल्या जखमेवर तो घातला की वेदना कमी होतात, खालची कातडी लवकर भरते, आणि डोळ्याच्या बुबुळावरचे व्रण भरायला नेत्रशल्यविशारद तोच वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतीपेढीत आईच्या संमतीने मिळालेले असे पापुद्रे धुऊन, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पाकिटात भरतात आणि रुग्णालयांना देतात.